थांबलेली होडी सुकाणू ऐकत नाही

गळीत हंगामात फुलेवाडीतून होडीची ट्रॉली न्यायची म्हणजे करमणूक असते. पुढं उसाचा ट्रॅक्टर, मागं उसाचा ट्रॅक्टर, मधे आमची चौदा फुटी फायबरची होडी आणि तिच्यावर आडवी बांधलेली डोलकाठी. कुणीतरी गाडी शेजारी घेऊन हमखास विचारतो, "काय ओ, मोबाईलचा टॉवर घेऊन निघालाय व्हय?" पूर्वी मी समजावून सांगायचो. आता "व्हय" म्हणतो आणि पुढं जातो.

कोल्हापुरातल्या माणसाला शीड कशाला, हा प्रश्न घरच्यांनीही विचारून झालाय. 2019 च्या ऑगस्टमधल्या महापुरात चिखलीतून मावशीला रबरी बोटीतनं बाहेर काढलं, तेव्हा मी त्या बोटीत होतो. पोहायला येत होतं, पंचगंगेत उड्या मारण्यात लहानपण गेलं होतं, तरी त्या दिवशी हातपाय गार पडले. पाण्यात असणं आणि पाण्यावर असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे तेव्हा कळलं. पुढं मुंबईला जाऊन आठवड्याभराचा शिडाचा कोर्स केला, तिघांनी मिळून जुनी होडी घेतली आणि ट्रॉली उद्यमनगरात बनवून घेतली.

कोर्समध्ये वारा बेताचा होता आणि पाणी शहाण्यासारखं वागत होतं. नव्या माणसाची फजिती होते ती त्यानंतर, बारीक, उभ्या, एकमेकींना चिकटून येणाऱ्या लाटांत. समुद्राची मोठी संथ लाट घाटासारखी असते, होडी चढते आणि उतरते. खडबडीत पाणी म्हणजे पावसाळ्यानंतरचा आपला रस्ता. एका खड्ड्यातून वर येईस्तोवर दुसरा हजर. चौदा फुटी होडी अशा वेळी दोन-दोन लाटांवर एकदम असते, आणि प्रत्येक धक्क्याला थोडा वेग गमावते.

असं पाणी कुठं तयार होतं ते बघायला मालवणला जायची गरज नाही. एप्रिलमध्ये संध्याकाळी पश्चिमेचा वारा सुटला की रंकाळ्यावर जा. पश्चिमेच्या काठालगत पाणी गुळगुळीत असतं आणि गावाकडच्या कट्ट्यावर छपछप चाललेली असते. वारा तोच, तळं तेच. वाऱ्याला मोकळं पाणी जितकं लांब मिळतं तितकी लाट वाढते. पाणी उथळ असेल तर ती आखूड आणि उभी होते. म्हणून निवाऱ्याच्या काठावर उभं राहून "आज काय नाही बघा" म्हणणारा माणूस अर्ध्या तासात पलीकडं भिजलेला सापडतो. हे मी स्वतःवरूनच सांगतोय.

पहिली फजिती धरणाच्या पाण्यावर झाली. नाव घेत नाही, कारण परवानगीचा कागद दर वेळी नव्यानं काढावा लागतो. (धरण, तळं, खाडी, काहीही असो, पाणी ज्या खात्याच्या ताब्यात आहे त्यांना आधी विचारा. राधानगरीसारख्या ठिकाणी तर भोवती अभयारण्य आहे.) दुपारी चार वाजता वारा वाढला, लाटा आपटायला लागल्या आणि मी घाबरून नवखा माणूस जे करतो तेच केलं. शिडाचा दोर घट्ट ओढला आणि नाक वाऱ्याच्या दिशेनं जास्तीत जास्त वर धरलं. वाटलं, कमी कलेल, लवकर पोचू. चार लाटांनी नाकावर चार थपडा मारल्या आणि होडी थांबली.

थांबलेली होडी ही सगळ्यात वाईट अवस्था. सुकाणूच्या पात्यावरून पाणी वाहत असेल तरच ते होडी वळवतं. वेग संपला की हातातला टिलर, म्हणजे सुकाणू फिरवायचा दांडा, नुसती काठी. बुडाखालचं उभं पातं, सेंटरबोर्ड, तेही वेग असेल तरच होडीला आडवं सरकण्यापासून नीट धरतं. आम्ही तसेच शिडं फडफडवत बांधाच्या दगडी पिचिंगकडं सरकत गेलो. मावसभावानं शेवटी वल्ह्यानं दगड ढकलले. फायबरवरचा तो ओरखडा अजून आहे.

यातून सुटायची युक्ती सोपी आहे, त्या वेळी आठवत मात्र नाही. पुढच्या छोट्या शिडाचा, जिबचा, मागचा कोपरा हातानं एका बाजूला ताणून धरा. वारा त्यात भरतो आणि नाक दुसऱ्या बाजूला ढकलतो. होडी मागं सरकत असेल तर सुकाणूही उलटं काम करतं, हे लक्षात ठेवा. नाक वाऱ्यातून पुरेसं बाहेर आलं की जिब नेहमीच्या बाजूला घ्या, मोठ्या शिडाचा दोर थोडा सैल ठेवून आधी वेग पकडा, मग दिशा ठरवा.

म्हणजे एरवी शांत पाण्यात जितकं वाऱ्याजवळ जाता, त्यापेक्षा खडबडीत पाण्यात चार-पाच अंश खाली, म्हणजे वाऱ्यापासून दूर राहायचं. अंतर वाढतं, पण होडी चालती राहते. जिबला दोन्ही बाजूंनी लोकरीचे धागे चिकटवा, फुकटचं यंत्र आहे. वाऱ्याकडचा धागा फडफडायला लागला की नाक फार वर गेलंय. वारा बेताचा असेल तर शिडाला थोडं पोट राहू द्या, लाट फोडून जायला ताकद त्यातनंच येते. वारा जोराचा झाला की उलट, शीड ताणून सपाट करा.

प्रत्येक लाटेला सुकाणू हलवायच्या भानगडीत पडू नका. आखूड लाटांत ते जमत नाही, आणि पातं आडवं करून तुम्ही स्वतःच ब्रेक लावता. दहातली एखादी मोठी येते, तेवढी ओळखा. तिच्यावर चढताना नाक किंचित वाऱ्याकडं, माथ्यावर आलं की खाली.

वजनाचं मात्र मनापासून सांगतो. दोघांनी मधोमध, एकमेकांना खेटून बसा. एक पुढं आणि एक मागं बसला की होडी सी-सॉसारखी डोलते आणि नाक लाटेत खुपसतं. वजन मधे असलं की टोकं हलकी राहतात आणि नाक सहज उचलतं. वाऱ्याचा झोत आला की आधी अंग बाहेर टाका, तेवढ्यानं भागलं नाही तर दोर सोडा. कुस्तीच्या गावात वाढलेल्या माणसाला पकड सोडायची हे पटायला वेळ लागतो. मला दोन हंगाम लागले. मोठ्या शिडाचा दोर खडबडीत पाण्यात खाचेत अडकवून ठेवायचा नाही, हातातच ठेवायचा. हात भरून येतात, येऊ द्यात.

नाक वाऱ्यातून पलीकडं नेत वळण घेताना, म्हणजे टॅक करताना, आधी वेग घ्या आणि जरा सपाट पाण्याचा तुकडा येईपर्यंत थांबा. मोठ्या दोन-तीन लाटांनंतर तो येतो. उगाच लाटेच्या तोंडावर वळलात की परत मघाचीच गत.

आता शीड कमी करण्याबद्दल. वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गाच्या हिशेबानं वाढतो. 10 नॉटचा वारा 14 झाला की शिडावरचा दाब जवळपास दुप्पट, 20 झाला की चौपट. पाण्यावर जागोजागी पांढरे फेसाळ शेंडे दिसू लागले म्हणजे वारा साधारण 11 ते 16 नॉटचा आहे असं धरा. किलोमीटरमध्ये ताशी 20 ते 29. आमच्यासारख्या होडीत नवख्यांनी तिथंच रीफ घ्यावा, म्हणजे शीड खालून गुंडाळून बांधावं. तेही काठावर. निघाल्यावर रीफ सोडणं पाण्यावर सोपं, बांधणं अवघड. पाण्यावरच बांधायची वेळ आली तर जिब उलट्या बाजूला ताणून ठेवा, मोठं शीड सैल सोडा आणि टिलर वाऱ्याखालच्या बाजूला दाबून धरा. होडी शांत होऊन हळूहळू वाहत राहते. पाणी प्या, रीफ बांधा, भांडण असेल तर तेही मिटवा.

वारा पाठीवर घेऊन परत येताना सगळं एकदम सोपं वाटतं. वारा लागत नाही, गप्पा सुरू होतात, आणि माणसं पाण्यात पडतात ती याच वेळी. मागून येणारी लाट होडीला ढकलते, नाक पुढच्या लाटेत घुसतं. तेव्हा दोघांनी मागं सरका. सेंटरबोर्ड थोडं वर घ्या, पण पूर्ण नको. अगदी सरळ पाठीवर वारा घेण्यापेक्षा थोडं तिरकं या. शीड एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला फेकलं जाणारं वळण, जाइब, जोराच्या वाऱ्यात घेऊच नका. वाऱ्याकडं तोंड करून मोठा वळसा घ्या आणि टॅक करा. लाज वाटायचं कारण नाही. मी लाजलो होतो. बूम, म्हणजे मोठ्या शिडाखालची आडवी काठी, मावसभावाच्या डोक्यावरून चार बोटांनी गेला आणि आम्ही दोघं पाण्यात. त्या दिवसापासून हेल्मेट आहे.

उलटलात तर होडी सोडू नका. काठ कितीही जवळ वाटला तरी. एकमेकांना हाक मारा, दोर मोकळे करा. एकानं मागून वळसा घालून सेंटरबोर्डवर जायचं, पात्याच्या टोकाला नाही, बुडाजवळ उभं राहायचं, आणि जिबचा दोर धरून मागं रेलायचं. दुसऱ्यानं होडीच्या आत शिडालगत तरंगत राहायचं, म्हणजे होडी सरळ होताना तो आपोआप आत येतो. बादली दोरीनं बांधलेली असू द्या. सुटी बादली पहिली पळते. हा सगळा खेळ एकदा शांत दिवशी, मुद्दाम उलटून, दहा वेळा करा. धरणात उन्हाळ्यात पाणी उतरलं की बुडालेल्या झाडांची खोडं आणि जुन्या भिंती वर येतात, तेवढी जागा बघून.

वळवाच्या पावसाबद्दल मी चर्चा करत नाही. एप्रिल-मेमध्ये दुपारनंतर उकाडा दाटला, वारा अचानक पडला आणि ढग काळे उभे राहिले की होडी काठाला. पहिला झोत कुठल्या दिशेनं येईल सांगता येत नाही. वीज दिसल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत आकडे मोजा. तीन सेकंदांना एक किलोमीटर. तीस सेकंदांच्या आत आला तर वीज दहा किलोमीटरच्या आत आहे, आणि मोकळ्या पाण्यावर सगळ्यात उंच वस्तू तुमची डोलकाठी आहे.

ट्रॉलीचं थोडक्यात. डोलकाठी उभी करण्याआधी वर बघा, विजेच्या तारा असतील तर जागा बदला. घाट उतरून आलात तर चाकांचे तापलेले हब लगेच पाण्यात बुडवू नका. गार होताना ते आत पाणी ओढतात आणि बेअरिंग जातं. खाऱ्या पाण्यानंतर गोड्या पाण्यानं धुणं आणि ग्रीस. होडीच्या बुडाचं बूच लावलंय का हे दोघांनी वेगवेगळं तपासायचं. आमचं बूच एकदा गाडीच्या डॅशबोर्डवर राहिलं होतं. काठावरच्या म्हशी धुणाऱ्यानं सांगितलं, "पाव्हणं, तुमची होडी पाणी पितीया."

समुद्रावर पहिल्यांदा उतरायला दुसरा हंगाम संपत आला होता. राधानगरी, दाजीपूर, फोंडा घाट करत मालवण. ज्या तांडेलाकडं, म्हणजे मच्छीमार होडीच्या म्होरक्याकडं, होडी लावायची होती तो साठीचा माणूस. मी शीड चढवायच्या गडबडीत होतो. तो म्हणाला, "आधी पाण्याक बघ, मगे शिडाक." दुपारची वेळ, समुद्रावरनं खारा वारा आत येत होता आणि ओहोटीचं पाणी खाडीतून बाहेर निघालं होतं. दोघं समोरासमोर आले की खाडीच्या मुखावर पाणी उभं राहतं. वारा तेवढाच असतो, पण भरतीत पाणी आणि वारा एकाच दिशेनं असताना जी लाट बसकी असते, तीच ओहोटीत भिंतीसारखी होते. वर पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवसाचं उधाण, म्हणजे पाण्याची ओढ जास्त. अष्टमीच्या आसपास भांगाच्या भरतीला ओढ कमी असते. आम्ही तारीख सुट्टी बघून ठरवली होती, तो तिथी बघत होता. होडी उतरवली नाही. कोळंबीचं कालवण खाऊन झोपलो.

दुसऱ्या दिवशी पहाटे मतलई वाऱ्यावर निघालो. हा वारा जमिनीकडून समुद्राकडं जातो, त्यामुळं काठाजवळ पाणी अगदी सपाट दिसतं, आणि तो तुम्हाला न कळत बाहेर नेत असतो. जितकं बाहेर जाल तितकी लाट वाढते आणि परतीचा रस्ता वाऱ्याच्या तोंडावर. तांडेलानं आदल्या रात्रीच बजावलं होतं, किल्ल्याच्या पलीकडं जायचं नाही. गेलो नाही. साडेआठला मतलई पडला, खारा वारा अजून सुटायचा होता, आणि शिडं ओल्या धोतरासारखी लोंबायला लागली. चिवल्याच्या किनाऱ्याला लागायला आम्हाला तासभर वल्हवावं लागलं.

वल्ही दोन ठेवा. आमच्याकडं एकच होतं, दुसरं धरणाच्या पिचिंगवर मोडलं होतं आणि आणायचं आणायचं म्हणत राहून गेलं होतं.