इको रिपोर्टमधे "लेफ्ट एसव्हीसी" लिहून आलं तर काय करायचं

दोन वर्षांपूर्वी आमच्या काकीला पेसमेकर बसवायचा होता. डावीकडून वायर आत घातली आणि ती नेहमीसारखी उजवीकडे वळायची सोडून डाव्या बाजूनेच सरळ खाली उतरली. आम्ही बाहेर बाकावर बसलेलो, तासाभराचं काम म्हणून सांगितलेलं, अडीच तास झाले तरी कोणी बाहेर येईना. शेवटी उजवीकडून घातला. राग याचा आला की तिच्या जुन्या इको (हृदयाची सोनोग्राफी) रिपोर्टमधे हे सगळं आधीच छापलेलं होतं, "डायलेटेड कोरोनरी सायनस, पर्सिस्टंट लेफ्ट एसव्हीसी", आणि तो रिपोर्ट फोंड्याला घरी कपाटात, साडीच्या दुकानाच्या पिशवीत. ज्यांनी दिला त्यांनी समजावला नाही आणि आम्ही कोणी विचारलं नाही. मी डॉक्टर नाही, पण त्यानंतर भेटेल त्या डॉक्टरला विचारून विचारून जे कळलं ते लिहितोय.

एसव्हीसी म्हणजे डोकं आणि हातांकडचं वापरलेलं रक्त हृदयात आणून सोडणारी मोठी शीर. ती उजवीकडे एकच असते. आईच्या पोटात सुरुवातीला दोन्ही बाजूंना असतात, डावीकडची नंतर आक्रसून जाते, काहींची जातच नाही, हजारात साधारण ३ ते ५ जणांची. हृदयात जन्मतः दुसरा काही दोष असेल तर त्यांच्यात हे बरंच जास्त सापडतं.

रिपोर्ट हातात आला की एकच गोष्ट शोधा, ही शीर उघडते कुठे. बहुतेकांमधे, म्हणजे दहातल्या नऊ जणांमधे, ती कोरोनरी सायनसमधून, म्हणजे हृदयाचं स्वतःचं वापरलेलं रक्त गोळा करणाऱ्या मागच्या शिरेतून, उजव्या कप्प्यातच जाते. ओपाच्या, म्हणजे आमच्याकडच्या नळाच्या पाण्याची लाईन मागच्या गल्लीतून आली पण पडते आपल्याच टाकीत, मग आंघोळ अडते का? नाही ना. नुसतं एवढंच असेल तर औषध नको, ऑपरेशन नको. रिपोर्टमधला "डायलेटेड" शब्द वाचून झोप उडवून घेऊ नका, जास्तीचं रक्त येतंय म्हणून ती जागा फुगलीय एवढंच.

पण डाव्या कप्प्यात उघडत असेल तर गोष्ट वेगळी. वापरलेलं पाणी थेट पिण्याच्या टाकीत. ऑक्सिजन कमी राहू शकतो, आणि डाव्या हाताच्या ड्रिपमधून हवेचा बुडबुडा किंवा गुठळी गेली तर ती फुप्फुसात न अडकता मेंदूपर्यंत जाऊ शकते. अशा पेशंटने कार्डिऑलॉजिस्टकडे जायचंच, पुढच्या चतुर्थीनंतर बघू असं नाही.

कुठे उघडते ते रिपोर्टमधे स्पष्ट नसेल तर बबल टेस्ट करतात. दोन सिरिंजमधे सलाईन इकडून तिकडे घुसळून त्याचे बारीक बुडबुडे करतात, हाताच्या शिरेतून सोडतात आणि इकोवर बघतात. इथे एक मेख आहे, सुई डाव्या हाताला हवी. उजव्या हाताला दिली तर बुडबुडे नेहमीच्या वाटेने जातात आणि डावीकडची शीर दिसतच नाही. तेव्हा सुई लावताना सरळ विचारा, "सिस्टर, डाव्या हाताला ना?" काकीच्या वेळी बुडबुडे आधी कोरोनरी सायनसमधे आणि मग उजव्या कप्प्यात चमकले, मी स्क्रीनवर बघितलंय, सोड्याची बाटली उघडल्यासारखं.

नंतर हे सांगायचं कुणाला? पेसमेकर, मानेतली सेंट्रल लाईन, डायलिसिसचा कॅथेटर, हृदयाचं ऑपरेशन, यातलं काहीही ठरलं की सुरू व्हायच्या आधी, भुलीच्या डॉक्टरला पण. बांबोळीला, गोवा मेडिकल कॉलेजमधे दाखवत असाल तरी जुना कागद स्वतः न्या, कुणीतरी शोधून काढेल या भरवशावर राहू नका.

पोटातल्या बाळाच्या सोनोग्राफीत हे दिसलं तर फीटल इको करून घ्या, कारण सोबत दुसरा दोष आहे का ते बघावं लागतं. एकटंच असेल तर बहुतेक बाळं ठणठणीत असतात.

आता एक फरक लक्षात ठेवा, नावं सारखी वाटतात म्हणून लोक गोंधळतात. टीएपीव्हीसी हे वेगळं प्रकरण. त्यात फुप्फुसांतून शुद्ध रक्त आणणाऱ्या चारही शिरा डावीकडे न जाता उजव्या बाजूला जाऊन मिळतात आणि त्याला ऑपरेशन लागतंच, वाट अडलेली असेल तर तातडीने. बाळ निळसर दिसतंय, धाप लागतेय, दूध पिताना घामाघूम होतंय, तर दृष्ट काढत बसू नका, गाडी काढा. जन्मानंतर २४ तासांनी उजव्या हाताला आणि एका पायाला ऑक्सिजन मोजायला सांगा, दोन मिनिटांचं काम आहे. ९० च्या खाली असेल तर लगेच पुढची तपासणी. आकडा बरा आला तरी वरची लक्षणं दिसली तर जायचंच.

खर्चासाठी डीडीएसएसवाय (गोवा सरकारची आरोग्य विमा योजना) कार्ड असेल तर सोबत ठेवा, आणि आपलं ऑपरेशन त्यात बसतं का ते ॲडमिट व्हायच्या आधीच काउंटरवर विचारून घ्या.

बाकी रिपोर्टचा फोटो घरातल्या दोघातिघांच्या मोबाईलमधे असू दे. काकीने तर आधार कार्डाच्या मागे चिठ्ठीच ठेवलीय, "डावीकडे जास्तीची शीर आहे", पेन्सिलीने लिहिलेली. पेनने लिही म्हणून किती सांगितलं, म्हणते पुसट झाली की परत गिरवीन.