इंग्रजी बोलताना ‘लेट’ जरा जपून

माझी पहिली नोकरी. साहेब लोकलमध्ये अडकलेले आणि अकराच्या मीटिंगचे पाहुणे वाटेत. मी मोठ्या तत्परतेने त्यांना मेसेज टाकला : ‘माय लेट बॉस विल मीट यू ॲट इलेव्हन थर्टी.’ साहेब आल्यावर पाहुण्यांनी मोबाईल त्यांच्यापुढे धरला आणि म्हणाले, ‘‘बरं झालं, परत आलात.’’

मराठीत ‘लेट’ कुठेही ठेवा, उशीरच होतो. इंग्रजीत मात्र जागा बघावी लागते. ‘माय’ किंवा ‘द’नंतर आणि माणसाच्या आधी तो शब्द आला, की माणूस कैलासवासी! ‘माय फादर इज लेट’ म्हणजे वडील अजून पोचले नाहीत. ‘माय लेट फादर’ म्हणजे वडील गेले. गाड्यांना हा धोका नाही. ‘अ लेट ट्रेन’ ही उशिरा आलेली गाडीच. गंमत म्हणजे आफ्रिकेच्या दक्षिण भागातल्या इंग्रजीत ‘ही इज लेट’ म्हणजेसुद्धा ‘तो वारला’ असा अर्थ होतो. तिकडे ऑफिसला फोन करताना विचार करून बोला.

‘कै.’च्या जागी डोळे मिटून ‘लेट’ लिहू नका. आपण पणजोबांच्या नावाआधीही ‘कै.’ लावतो, इंग्रजीतला हा ‘लेट’ साधारणपणे अलीकडच्या काळात गेलेल्यांसाठी असतो. लता मंगेशकर 2022 मध्ये गेल्या, त्यांच्या नावाआधी शोभतो. शिवाजी महाराजांच्या नावाआधी लावला तर विचित्र वाटतं. आणि निवृत्त झालेले, ठणठणीत मुख्याध्यापक ‘फॉर्मर’ असतात, ‘लेट’ नव्हे.

‘मला उशीर होतोय’ याचं ‘आय ॲम गेटिंग लेट’ आपल्या तोंडी इतकं बसलंय, की ते चुकीचं वाटतच नाही. प्रमाण इंग्रजीत ‘आय ॲम रनिंग लेट’ म्हणतात; किंवा ‘इट्स गेटिंग लेट’, पण तिथे उशीर वेळेला होतो, आपल्याला नाही. ‘डोन्ट लेट’ तर नकोच, कारण ‘लेट’ हे क्रियापद नाही. ‘डोन्ट बी लेट’ म्हणा.

‘ही केम लेटली’ हीसुद्धा नेहमीची चूक. ‘लेटली’ म्हणजे हल्ली. उशिरा आला तर ‘ही केम लेट’, शेपूट नको.

राहिला ‘लास्ट’. हा मुळात ‘लेट’च्याच घरातला, त्याचं जुनं ‘सर्वांत’वालं रूप. म्हणून ‘लेटेस्ट’शी गल्लत होते. एखाद्या लेखकाला ‘लेटेस्ट बुक’ आवडलं म्हणालात तर तो खूश होईल. ‘लास्ट बुक’ म्हणालात तर पुढचं लिहू नका असं सुचवताय की काय, असं त्याला वाटायचं.