हिमालयातील ट्रेक आणि कोशेर वाइन : संयोजकांनी या चुका टाळाव्यात

ट्रेकवर वजन वाचावे म्हणून काचेच्या बाटलीतील जिन्नस प्लास्टिकच्या बाटलीत ओतून घेणे ही आपल्याकडील संयोजकांची जुनी सवय आहे आणि तेल, मध किंवा लोणचे यांच्या बाबतीत ती शहाणपणाचीच आहे. धर्मनियम काटेकोरपणे पाळणाऱ्या ज्यू पाहुण्यांसाठी आणलेल्या वाइनच्या बाबतीत मात्र हीच सवय सगळ्या तयारीवर पाणी फिरवते. लडाखमध्ये असा गट मी पहिल्यांदा नेला तेव्हा मुंबईहून जपून नेलेल्या दोन बाटल्या आमच्या स्वयंपाक्याने माझ्याच सांगण्यावरून फोडून एका हलक्या बाटलीत भरल्या होत्या. शुक्रवारी संध्याकाळी ती बाटली पाहून पाहुणे नाराज झाले नाहीत. त्यांनी तिला फक्त हात लावला नाही.

या घटनेचे कारण समजले की पुढच्या बहुतेक चुका आपोआप टळतात. वाइन कोशेर, म्हणजे ज्यू धर्मनियमांनुसार ग्राह्य, ठरण्यात ती कशापासून बनली याला महत्त्व आहेच, परंतु तिला कोणाचा हात लागला याला त्याहून अधिक महत्त्व आहे. द्राक्षे चिरडण्यापासून बाटलीला बूच बसेपर्यंतचे सगळे काम शब्बाथ, म्हणजे ज्यूंचा आठवड्याचा विश्रांतीचा दिवस, पाळणाऱ्या ज्यू माणसांनीच केलेले असावे लागते, आणि बाटली उघडल्यानंतर ज्यू नसलेल्या व्यक्तीने ती ओतली किंवा हाताळली तर त्या पाहुण्यासाठी ती वर्ज्य होते. प्राचीन काळी मूर्तींपुढे वाइनचे अर्घ्य दिले जाई, त्या काळापासून हा नियम आला. सोवळ्या-ओवळ्याच्या परंपरेत वाढलेल्या आपल्या मनाला तो चटकन कळतो, तसाच चटकन बोचतोही. म्हणून स्वयंपाकी, मदतनीस आणि खेचरवाले यांना निघण्यापूर्वीच सांगावे की हा नियम वाइनपुरता आहे, माणसाच्या योग्यतेशी त्याचा संबंध नाही. सीलबंद बाटली कोणीही उचलावी, कोणीही पाठीवर वाहून न्यावी. त्याने काहीही बिघडत नाही.

खरेदीतील चुका

नाशिकची वाइन शाकाहारी आहे, तेव्हा ती चालेल, असे संयोजक मोठ्या विश्वासाने सांगतात. वाइन नितळ करण्यासाठी काही ठिकाणी जिलेटिन किंवा माशापासून काढलेला पदार्थ वापरतात, हे लक्षात घेतले तर शाकाहारी असणे निरुपयोगी नाही. पण हातांचा प्रश्न त्याने सुटत नाही. बाटलीवर मान्यताप्राप्त कोशेर संस्थेची खूण असलीच पाहिजे आणि कोणती खूण चालते हे पाहुण्यालाच विचारले पाहिजे.

त्या खुणेइतकाच महत्त्वाचा शब्द म्हणजे ‘मेवुशाल’, अर्थात तापवलेली वाइन. कारखान्यातच साधारण ८० अंश सेल्सिअसच्या आसपास क्षणभर तापवून लगेच थंड केलेली ही वाइन असते, आणि उघडल्यानंतर ज्यू नसलेल्या माणसाने ती ओतली तरी सर्वसाधारणपणे ती बाद होत नाही. जिथे जेवणाच्या तंबूत दहा जणांची ये-जा चालते आणि अंधारात कोण कोणती बाटली उचलेल याचा नेम नसतो, तिथे मेवुशाल वाइनशिवाय दुसरी आणूच नये, असे माझे स्पष्ट मत आहे. काही पाहुणे याबाबतही अधिक कडक असतात, हे गृहीत धरून वाढण्याचे काम त्यांच्याकडेच सोपवावे. साधी वाइन तळावर उकळून मेवुशाल करता येईल, असा एक तोडगा हमखास कोणीतरी सुचवतो. तो चुकीचा आहे, कारण हात लागण्यापूर्वी तापवलेलीच वाइन त्या सवलतीत बसते. नंतरच्या उकळीने काहीही भरून निघत नाही.

मिळवायची कुठून, हा प्रश्न वाटतो तितका अवघड नाही. बहुतेक पाहुणे ती स्वतः आणतात. भारतात येणाऱ्या प्रौढ प्रवाशाला दोन लिटरपर्यंत मद्य शुल्काविना आणता येते. धरमकोट, कसोल, लेह आणि काठमांडूचे थामेल येथे इस्रायली प्रवाशांसाठी खबाद हाउस, म्हणजे ज्यू धार्मिक केंद्रे, चालतात, काही फक्त हंगामात. तिथे आधी विचारणा करावी. गुजरातेतून किंवा हरिद्वार-ऋषिकेशसारख्या दारूबंदीच्या तीर्थक्षेत्रांतून जाणार असाल तर कोशेर द्राक्षरस हा सर्वांत सुटसुटीत उपाय आहे. किद्दुशसाठी, म्हणजे शब्बाथच्या पेल्यावरील आशीर्वादासाठी, तो पूर्णपणे ग्राह्य आहे, आणि विरळ हवेची सवय होईपर्यंत मद्य टाळावे हा डॉक्टरी सल्लाही त्याने पाळला जातो. हाताचा नियम मात्र द्राक्षरसालाही लागू आहे.

शुक्रवारची घाई

सर्वाधिक गोंधळ सूर्यास्तापूर्वीच्या तासाभरात होतो. शब्बाथ शुक्रवारच्या सूर्यास्तापूर्वी सुरू होऊन शनिवारी तारे दिसल्यावर संपतो, आणि त्या काळात पाहुणे पुढचा टप्पा चालत नाहीत, विस्तव पेटवत नाहीत, उघड्यावर सामानही वाहत नाहीत. दरीत ऊन लवकर जाते, म्हणून डोंगराआड सूर्य गेल्याचे पाहून वेळ ठरवू नये. त्या ठिकाणची सूर्यास्ताची वेळ आधीच काढून ठेवावी. बाटली त्या वेळेपूर्वी जेवणाच्या तंबूतच पोहोचलेली असावी, कारण किद्दुश जेवणाच्या जागीच करायचा असतो आणि मागे राहिलेली बाटली पाहुणा स्वतः आणू शकत नाही. धातूचे फिरकीचे झाकण असेल तर ते पाहुण्याने आधीच उघडून पुन्हा लावून ठेवावे. शब्बाथच्या दिवशी त्याची कडी तोडणे अनेक जण टाळतात. पेला नवा असावा, स्टीलचा साधा पेलाही चालतो.

प्रमाणाची धास्ती नको. किद्दुशच्या पेल्यात किमान ८६ मिलीलिटर लागते, कडक मताप्रमाणे १५०. एक जण सर्वांसाठी आशीर्वाद म्हणतो, म्हणून शुक्रवारची रात्र, शनिवारची सकाळ आणि शब्बाथ संपवणारा हवदाला विधी या तीन पेल्यांना ७५० मिलीलिटरची एक बाटली पुरते. वल्हांडण सणाचा, म्हणजे पेसाखचा, हिशोब पूर्ण वेगळा आहे. त्या रात्री प्रत्येकाला चार पेले घ्यायचे असल्यामुळे दहा जणांना साडेतीन ते सहा लिटर लागते आणि बाटलीवर पेसाखसाठीची खूणही पाहावी लागते.

थंडी

लडाखमधील गोठलेल्या नदीवरच्या चादर ट्रेकसारख्या ठिकाणी १२ टक्के मद्यांशाची वाइन उणे ५ अंशांच्या सुमारास गोठू लागते, द्राक्षरस त्याहून आधी. गोठताना ती फुगते. बूच वर सरकते किंवा काच तडकते, आणि बूच सरकले की सीलही गेले. बाटली मोज्यात गुंडाळून पाहुण्याच्याच स्लीपिंग बॅगमध्ये ठेवावी. गोठलेली वाइन तळावरच्या पातेल्यात घालून गरम करणे ही दुहेरी चूक आहे, कारण ते पातेले कोशेर नसते आणि शब्बाथच्या दिवशी तापवणेही वर्ज्य असते.

बाटली फुटली तर

शुक्रवारच्या रात्री दोन पावांवर किद्दुश करता येतो, त्यामुळे जेवण अडत नाही. हवदाला मात्र पावावर होत नाही. त्यासाठी बिअरसारखे त्या मुलखात प्रचलित असलेले पेय काही जण चालवून घेतात. याहून चांगला उपाय आपल्या कोकणातच सापडतो. अलिबागच्या आसपासचे बेने इस्राएल ज्यू, ज्यांना शनिवारी घाणा बंद ठेवत म्हणून ‘शनवार तेली’ म्हणत, कोशेर वाइन मिळत नसल्याने मनुका भिजवून, कुस्करून, गाळून काढलेल्या शरबतावर किद्दुश करत आले आहेत. मूठभर मनुका खेचराच्या पाठीवर फुटत नाहीत. त्या पाहुण्यानेच भिजवाव्यात, त्यानेच पिळाव्यात आणि हे सगळे शुक्रवारच्या सूर्यास्तापूर्वी उरकावे, कारण शब्बाथच्या दिवशी द्राक्षे पिळणे निषिद्ध आहे. सांगलीचा बेदाणा नेणार असाल तर तो सुकवण्यापूर्वी डिपिंग ऑइलच्या द्रावणात बुडवतात, हे पाहुण्याला आधी सांगून ठेवावे, म्हणजे तो कोशेर धरायचा की नाही हे त्याला ठरवता येईल.

हवदालासाठी सुगंधी मसालाही लागतो. स्वयंपाकाच्या डब्यातील लवंग-वेलदोडे त्याला पुरतात. हवदाला आटोपल्यावर उरलेली मेवुशाल वाइन पाहुणा तुमच्या माणसांच्या पेल्यात स्वतःहून ओतू लागला, तर संकोच करण्याचे कारण नाही, खेचरवाल्यालाही बोलवावे.