‘मेलो’चा अर्थ लिहिताना या चुका टाळा

इंग्रजीतला ‘मेलो’ (mellow) हा शब्द उच्चारला की वर्गातलं एक तरी पोरगं छातीवर हात ठेवून "मेलो!" म्हणत बाकावर आडवं होतं. जळगाव जिल्ह्यातल्या रावेर-यावल या केळीच्या पट्ट्यातल्या मुलांना इंग्रजी शिकवताना हा विनोद मी दरवर्षी सोसतो. (पहिली दोन वर्षं हसूही आलं होतं.) खरी पंचाईत उत्तरपत्रिकेत होते. तिथे सरसकट ‘मऊ’ लिहिलेलं असतं.

मऊ तर उशीही असते. मेलो व्हायला वेळ जावा लागतो. वखारीतून पिवळी होऊन आलेली केळ्यांची फणी लगेच मेलो नसते. दोन दिवसांनी सालीवर तपकिरी ठिपके पडतात, तुरटपणा जातो, गर गोड नि लुसलुशीत होतो, तेव्हाचं केळं मेलो. कच्चेपणाची धार काळाने गेली, एवढं धरून ठेवलं की बाकीचे अर्थ आपोआप लागतात.

माणसाबद्दल हा शब्द आला की हुशार मुलं ‘मुरलेला’ लिहितात. लोणचं मुरतं, मग माणूस का नाही? पण आपल्याकडे मुरलेला माणूस म्हणजे पोचलेला. तो ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत भेटतो. आजोबांचा तापटपणा ओसरला, ‘आता निवळलेत’ असं घरातले म्हणतात, ते मेलो.

आवाजाला ‘मंजुळ’ लावण्याची घाई नको. अमेरिकन कवी एडगर ॲलन पोच्या १८४९ साली छापलेल्या ‘द बेल्स’ या कवितेत चार धातूंच्या घंटा आहेत. किणकिणाट चांदीच्या घंटांचा. मेलो आहेत त्या लग्नाच्या, सोन्याच्या. ‘मंजुळ’ चांदीला शोभतं. सोन्याला भरदार, गोड घुमणारा नाद हवा.

सगळ्यात मोठी फसगत इंग्लिश कवी कीट्सच्या ‘टू ऑटम’मध्ये होते. १९ सप्टेंबर १८१९ रोजी विंचेस्टरला लिहिलेल्या या कवितेच्या पहिल्याच ओळीत ‘मेलो फ्रूटफुलनेस’ आहे. मुलं ऑटम म्हणजे पानगळ असं पाठ करून आलेली असतात. आपल्याकडे पानं झडून सातपुडा उघडा पडतो तो फेब्रुवारी-मार्चात, म्हणून डोळ्यांपुढे तेच चित्र येतं आणि उत्तरात ‘उदास वातावरण’ अवतरतं. कवितेत मात्र सफरचंदांनी फांद्या वाकल्यात, भोपळा फुगलाय, हेझलच्या कवचात गोड गर भरतोय. आपल्याकडचं जवळचं चित्र हवं असेल तर दसऱ्या-दिवाळीच्या सुमाराचं, ज्वारीची कणसं भरलेलं शिवार आठवा. गाइडांचा लाडका ‘परिपक्व’ इथे कोरडा पडतो, त्यात रसच नाही. मी ‘रसाळ सुगी’ लिहायला सांगतो.

जमिनीबद्दल आला तर ‘भुसभुशीत’ लिहा. पावसात चपलेला चिकटणारी आणि उन्हाळ्यात भेगाळणारी आपली काळी माती त्या दोन्ही वेळी मेलो नसते, हे घरी विचारलं तरी कळेल. आणि दोन घोट पोटात गेलेला माणूस मेलो असेल तर ‘तर्र’ लिहू नका. तो नुसता रंगात आलेला असतो. याचं उदाहरण मी वर्गात देत नाही.