स्मरणशक्तीची चाचणी: आईवडिलांना नेताना या चुका टाळा

पहिली चूक माझीच. डॉक्टरांनी आईला घड्याळ काढायला सांगितलं, अकरा वाजून दहा मिनिटांचं. तिने गोल काढला, आकडे नीट मांडले, एक काटा अकरावर नेला आणि दुसरा थेट दहावर. मला राहवेना. "अगं आई, दोनावर!" डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. 'दहा' ऐकून हात दहाकडेच ओढला जातो का, नेमकं तेच त्यांना बघायचं होतं. तेव्हा बाहेर बसा, नाहीतर गप्प बसा.

दुसरी चूक भाषेची. बडोद्यात, दांडिया बाजारात जन्म गेलेली आई भाजीवालीशी झकास गुजराती बोलते, पण पाढे मराठीत शिकलेली. शंभरातून सात-सात वजा करायला गुजरातीत सांगितलं की मनातल्या मनात भाषांतर करता करता आकडा निसटतो. मॉका (MoCA), म्हणजे घड्याळ काढायला लावणारी हीच चाचणी, मराठीतही आहे. वेळ घेतानाच तशी विचारणा करा. चष्मा आणि कानाचं यंत्र घरी विसरू नका.

मोबाइलवर प्रश्न शोधून घरी घोकून घेणं तर सगळ्यात वाईट. मॉकात पाच शब्द सांगतात आणि पाचेक मिनिटांनी विचारतात. शब्द सुचला नाही, पण "फूल होतं" म्हटल्यावर आठवला, तर तो डोक्यात साठला होता, काढताना अडला. सुचवूनही पाटी कोरीच, तर साठवणच झाली नसावी आणि शंका हिप्पोकॅम्पसवर, म्हणजे मेंदूतल्या नव्या आठवणी साठवणाऱ्या भागावर जाते. अल्झायमरमध्ये हा भाग लवकर आकसू लागतो. पाठ करून गेलेल्या माणसात हा फरक दिसणार कसा?

30 पैकी 26 च्या खाली गुण आले की घरात सुतक. (शिक्षण 12 वर्षं किंवा कमी असेल तर एक गुण वाढवून देतात, तो दिलाय का बघा.) ही नुसती चाळणी आहे, निदान नव्हे. बी-12 ची कमतरता, थायरॉइड, नैराश्य, झोपेच्या गोळ्या, यांनीही गुण घसरतात. सौम्य विस्मरण असलेले सगळेच डिमेन्शियाकडे जात नाहीत. पण एमआरआय साफ आला म्हणून निर्धास्तही होऊ नका. अमायलॉइड हे अल्झायमरशी जोडलेलं प्रथिन मेंदूत लक्षणांच्या 15-20 वर्षं आधीपासून साचत असतं आणि साध्या एमआरआयमध्ये ते दिसत नाही.

सहा महिन्यांनी परत गेलो तेव्हा मी बाहेरच्या बाकावर बसलो. आतून आईचा आवाज येत होता. त्र्याण्णव... शहाऐंशी... एकोणऐंशी...