सोडलेल्या ट्राउटसाठी गळ बांधताना या चुका टाळा

सॅन फ्रान्सिस्को उपसागराच्या पूर्वेकडे फ्रीमॉन्टचे क्वॉरी लेक्स, प्लेझंटनचे शॅडो क्लिफ्स, कॅस्ट्रो व्हॅलीजवळचे लेक शॅबो असे अनेक तलाव आहेत आणि पाणी थंड असण्याच्या महिन्यांत त्यांत मत्स्यबीज केंद्रांत वाढवलेले रेनबो ट्राउट सोडले जातात. शनिवारी सकाळी या तलावांच्या काठाने फिरले तर हमखास मराठी कानावर पडते. त्याच काठावर आणखी एक दृश्यही नेहमी दिसते. एकाच दुकानातून एकाच रंगाचे आमिष घेतलेली दोन माणसे दहा फुटांच्या अंतरावर बसलेली असतात. एकाची दिवसाला पाच माशांची मर्यादा दोन तासांत पूर्ण होते, तर दुसरा दुपारपर्यंत कोरडा राहून ‘आज मासा खात नाही’ असे म्हणत सामान आवरतो. मीही पहिला हिवाळाभर तो दुसरा माणूस होतो.

माझी चूक मालवणहून आलेल्या मामांनी दाखवली. त्यांनी आयुष्यभर खाडीत कोळंबी लावून गरवले होते, ट्राउट मात्र कधी पाहिला नव्हता. काही वेळ माझ्याकडे पाहून त्यांनी एवढेच विचारले, “गरी खंय आसा तुझी? तळाक काय वर?” मला उत्तर देता आले नाही. आमिष पाण्यात नेमके किती खोलीवर आहे हे माहीत नसणे, हीच या प्रकारच्या मासेमारीतली मूळ चूक आहे आणि पुढे ज्या चुका सांगितल्या आहेत त्यांतील बऱ्याचशा तिच्याच पोटातून निघतात.

सोडलेला मासा वेगळा असतो

तलावात सोडण्यासाठी वाढवलेला ट्राउट सिमेंटच्या हौदात दाटीवाटीने, वरून पडणाऱ्या गोळ्यांच्या खाद्यावर मोठा झालेला असतो. तळातले काही उचलून खाण्यापेक्षा पाण्याच्या मधल्या थरात, डोळ्यांसमोर तरंगणारे खाणे त्याच्या सवयीचे असते. राज्याच्या केंद्रांतून येणारा नेहमीचा मासा सुमारे अर्ध्या पौंडाचा, म्हणजे पाव किलोच्या आतबाहेर असतो आणि त्याचे तोंड मऊ व लहान असते. खाडीतल्या खरब्यासाठी किंवा तांबोशासाठी जमवलेले जाड सामान घेऊन त्याच्यासमोर बसणे म्हणजे सुईच्या जागी दाभण वापरण्यासारखे आहे.

म्हणून पहिली तपासणी दोरीची करावी. रिळावर ६ पौंडांहून (म्हणजे तेवढा ताण सोसणाऱ्या दोरीहून) जाड तंगूस, म्हणजे मासेमारीची दोरी, नसावा आणि गळाला जोडलेला शेवटचा तुकडा, ज्याला येथे सर्वजण लीडर म्हणतात, तो ४ पौंडांचा असावा. तलावाचे पाणी नितळ असेल आणि लोकांची गर्दी जास्त असेल तर २ पौंडांपर्यंत उतरायलाही हरकत नाही. जाड तंगूस माशाला दिसतो हे खरेच, पण त्याहून मोठा तोटा असा की त्याच्या ताठपणामुळे हलके आमिष पाण्यात मोकळेपणी हलत नाही. गळाच्या बाबतीत नवख्या माणसाची फसगत आकड्यांमुळे होते. येथे आकडा जितका मोठा तितका गळ लहान असतो. त्यामुळे ‘दोन नंबरचा’ गळ लहानच असणार असे समजून आणलेला गळ ट्राउटच्या तोंडात मावतही नाही. पिठासारख्या आमिषासाठी १६ किंवा १८ क्रमांकाचा तीन टोकांचा गळ आणि गांडुळासाठी ८ ते १० क्रमांकाचा एका टोकाचा गळ पुरेसा होतो.

मांडणी आणि तिच्यातील गफलती

काठावरून मासेमारी करणाऱ्यांची सर्वांत रुळलेली मांडणी सोपी आहे. रिळावरची दोरी अंड्याच्या आकाराच्या, आरपार भोक असलेल्या वजनातून ओवतात, त्यामागे एक मणी घालतात, मग दोरीला पीळ पडू न देणारी, दोन कड्यांची एक छोटी फिरकी बांधतात आणि फिरकीच्या दुसऱ्या कडीला दीड ते दोन फुटांचा लीडर व त्याच्या टोकाला गळ लावतात. वजन तळाला बसते, आमिष लीडरच्या लांबीइतके वर तरंगते आणि मासा आमिष घेऊन निघाला की दोरी वजनाच्या भोकातून सरकते, त्यामुळे त्याला ओझे जाणवत नाही. या मांडणीचे सगळे इंगित त्या सरकण्यात आहे आणि नेमके तेच बहुतेक जण नकळत बंद पाडतात.

कोणी मणी ‘शोभेचा’ समजून गाळतो. मग फिरकीची गाठ वजनाच्या भोकात जाऊन अडकते आणि प्रत्येक वेळी दोरी फेकताना थोडी थोडी कुरतडली जाते. कोणी भोकाच्या वजनाऐवजी चिमटीने दाबून बसवायचे शिसे त्याच जागी लावतो, जे सरकणे शक्यच नसते. कोणी सगळे अचूक बांधतो, पण आमिष फेकल्यावर दोरी वीणेच्या तारेसारखी ताणून काठी उभी करतो. मासा आमिष ओढतो, त्याला ताबडतोब काठीचा ताण जाणवतो आणि तो ते थुंकून टाकतो. आमिष पाण्यात पडून वजन तळाला टेकले की दोरीतली ढील हळूच गुंडाळावी आणि नंतर काठीच्या टोकापासून पाण्यापर्यंत किंचित झोळ राहील एवढीच दोरी पुन्हा सोडावी. तो झोळ सरळ होताना दिसला की समजावे, कोणीतरी दारात आले आहे.

वजन किती हा प्रश्न वारंवार विचारला जातो. पाव औंस, म्हणजे सुमारे ७ ग्रॅम, बहुतेक दिवशी पुरते. वारा जोरात असेल तर अर्ध्या औंसापर्यंत जावे. गाळाच्या तळावर मात्र जड वजन रुतते आणि भोकात चिखल भरून सरकणे थांबते, म्हणून तेथे उलट हलके वजन लावून जवळ फेकणे शहाणपणाचे ठरते.

तरंगते की बुडते?

येथे जरा थांबून लिहिले पाहिजे, कारण कोरडे परतणाऱ्यांपैकी बहुतेक जण याच ठिकाणी चुकतात.

डबीत मिळणारे रंगीत, वासाचे, पिठाच्या गोळ्यासारखे आमिष, म्हणजे पॉवरबेट आणि त्याचे भाऊबंद, तरंगण्यासाठी केलेले असते. गांडूळ बुडते. बरणीत मिळणारी सामन माशाची अंडीही बुडतात. हा फरक न जाणता तीनही आमिषे एकाच मांडणीवर लावली, तर पहिले तळापासून दोन फूट वर आणि उरलेली दोन शेवाळात पडून राहतात. तेथे ट्राउट ती शोधायला येत नाही. येतात ते खेकड्याच्या नात्यातले क्रेफिश. गांडूळ अर्धवट चावून, चिंध्या होऊन परत आले तर ते ट्राउटच्या चावऱ्या खाण्याचे लक्षण नसून आमिष तळाला लोळत असल्याचा तो बहुधा पुरावा असतो.

तरंगणारे आमिषही तरंगेलच असे नाही. गळ मोठा असेल, पीठ कमी लावले असेल किंवा गळाजवळ जड क्लिप अडकवली असेल तर गोळा बुडतो. एक कारण तर बऱ्याच अनुभवी लोकांनाही सुचत नाही: लीडरसाठी वापरला जाणारा फ्लुरोकार्बन जातीचा तंगूस पाण्याच्या पावणेदोन पटीहून किंचित जड असतो, तर साधा नायलॉन पाण्याहून जेमतेम जड असतो. पाण्यात फ्लुरोकार्बन कमी दिसतो म्हणून तो ८ पौंडांचा, तीन फूट लांब घेतला की त्याचे स्वतःचे वजनच छोट्या गोळ्याला खाली ओढते. फ्लुरोकार्बन वापरायचाच असेल तर बारीक घ्यावा, नाहीतर साधा नायलॉन उत्तम.

यावर उपाय अर्ध्या मिनिटाचा आहे. प्रत्येक वेळी गळाला आमिष लावल्यावर, फेकण्याआधी, ते काठाजवळच्या गुडघाभर पाण्यात सोडून पाहावे. वजन तळाला आणि गोळा वर उभा राहिला तर फेकावे. गोळा खाली बसला तर थोडे पीठ वाढवावे किंवा गळ बदलावा. गोळा साधारण हरभऱ्याएवढा, गळाची तिन्ही टोके झाकणारा आणि वरच्या बाजूला निमुळता असावा. लिंबाएवढा गोळा लावून मोठा मासा येईल ही आशा व्यर्थ आहे. मासा कडेकडेने कुरतडतो आणि गळापर्यंत पोहोचतच नाही. लावलेला गोळा क्षणभर पाण्यात बुडवून बोटांनी पुन्हा हलके दाबला तर तो फेकताना सुटत नाही.

गांडूळ तरंगवण्याचे दोन मार्ग आहेत. एक, गळावर गांडुळाच्या आधी छोटा मार्शमेलो ओवणे. दुसरा, बारीक सुई असलेल्या प्लास्टिकच्या लहान बाटलीने गांडुळात हवेचा एक बुडबुडा भरणे. ही हवा भरताना गांडूळ बोटांच्या चिमटीत धरू नये, डबीच्या झाकणावर ठेवावे. सुई बोटात शिरून हवा त्वचेखाली जाणे धोक्याचे आहे. गांडूळ अख्खे न लावता अर्धे लावावे आणि त्याचा गोळा न करता गळावरून सरळ ओवून शेपटीचा भाग मोकळा सोडावा.

खोली चुकली की सगळे चुकते

आमिष तळापासून किती वर राहील हे लीडरची लांबी ठरवते. तळाला दोन फूट उंच शेवाळ असेल आणि लीडर दीड फुटाचा असेल, तर उत्तम आमिष शेवाळाच्या जंगलात लपून बसते. दोरी ओढल्यावर गळावर हिरवे धागे येत असतील तर लीडर अडीच-तीन फुटांचा करावा. याहून लांब लीडर फेकताना स्वतःभोवती गुंडाळला जातो, हे मी टोपीत अडकलेला गळ सोडवताना शिकलो.

मासे सोडल्यानंतरचे एक-दोन दिवस ही तळाची मांडणीच बहुधा चुकीची ठरते. गाडीतून नुकतेच आलेले मासे सोडलेल्या जागेच्या आसपास, वरच्या थरात, थव्याने फिरत असतात. त्या वेळी वजन काढून तरंगा लावावा आणि त्याखाली चार ते सहा फुटांवर बुडणारे आमिष, म्हणजे गांडूळ किंवा सामनची अंडी, टांगावी. येथे तरंगणारे पीठ लावणे ही उलट बाजूची चूक आहे; तो गोळा दोरीच्या कडेने वर येऊन तरंग्याजवळच घुटमळतो. वसंत सरताना पाणी तापू लागले की पुन्हा हिशेब बदलतो. ट्राउटला साधारण १० ते १६ अंश सेल्सियसचे पाणी मानवते आणि २० अंशांच्या पुढे त्याला त्रास होतो, म्हणून तो दिवसा खोल पाण्यात उतरतो. अशा दिवसांत पहाटेचे दोन तास सोडून बाकीचा वेळ काठावर घालवण्यात फारसा अर्थ नसतो.

मासा येतो, पण लागत नाही

काठीचे टोक थरथरले की झटका देणे हा कोकणातल्या गरवणाऱ्याचा हात आहे. तेथे तो योग्यही असतो. ट्राउट पिठाचा गोळा आधी चाचपतो, तोंडात घेतो, सोडतो, पुन्हा घेतो. पहिल्या थरथरीला झटका दिला तर रिकामा गळ हाती येतो. दोरी एका दिशेला सलग जाऊ लागली की काठी शांतपणे उचलावी, एवढे पुरते. फार वाट पाहिली तर मात्र मासा गळ गिळतो. गिळलेला गळ ओढून काढण्याचा प्रयत्न करू नये. मासा ठेवायचा नसेल तर लीडर तोंडाजवळ कापून त्याला सोडावे, मात्र खोल रुतलेला गळ घेऊन गेलेल्या माशांपैकी पुष्कळ वाचत नाहीत, हे ध्यानात ठेवावे. म्हणूनच धरून सोडून देण्याचा बेत असेल तर अशा आमिषांऐवजी फिरता चमचा, म्हणजे ओढताना पाण्यात फिरणारे धातूचे चकाकते आमिष, वापरणे बरे.

रिळाचा ब्रेक घट्ट आवळून ठेवणे ही ४ पौंडांच्या लीडरला सर्वांत महाग पडणारी चूक आहे. हाताने ओढल्यावर दोरी थोड्या प्रयत्नाने सुटेल इतपतच तो आवळावा. प्रत्येक मासा गाठीपाशीच तुटत असेल तर दोष गाठीत आहे: कोरडी गाठ आवळताना घर्षणाने नायलॉन दुबळा होतो, म्हणून ती ओठाने ओली करून मगच आवळावी. रिळावर दोन वर्षे पडून राहिलेला तंगूस स्प्रिंगसारख्या वेटोळ्यांनी उतरत असेल तर त्याला लाड न करता बदलावा.

वासाबद्दल बरीच दंतकथा चालते, पण सनस्क्रीन किंवा डासांचे औषध लावलेल्या हाताने आमिष मळू नये एवढे नक्की सांगतो. दुसऱ्या हातासाठी ओले फडके जवळ असावे.

नियमांच्या चुका

कॅलिफोर्नियात १६ वर्षे व त्यावरील प्रत्येकाला राज्याचा परवाना लागतो. २०२३ पासून तो खरेदीच्या दिवसापासून ३६५ दिवस चालतो. वर उल्लेखलेल्या उद्यानांतल्या तलावांवर त्याशिवाय त्या दिवसाचा वेगळा परवानाही घ्यावा लागतो, आणि पाहुणे म्हणून आलेल्या आईवडिलांनी हातात काठी धरली तर त्यांनाही दोन्ही नियम लागू होतात. तलावात दुसरी काठी लावायची असेल तर तिची स्वतंत्र मंजुरी परवान्यावर जोडून घ्यावी लागते. मासे जमावेत म्हणून आपल्याकडे पाण्यात पीठ किंवा कुरमुरे टाकण्याची पद्धत आहे. येथील बहुतेक गोड्या पाण्यात असे मोकळे खाद्य टाकण्यास मनाई आहे.

शेवटची चूक मासा मिळाल्यानंतरची आहे. दोरीत ओवून काठाच्या कोमट पाण्यात चार तास टांगलेल्या ट्राउटचे मांस पिठूळ होते आणि मग दोष ‘पाळीव माशाला’ दिला जातो. मासा लगेच मारून, पोट साफ करून बर्फात ठेवावा. पाठीच्या कण्याला आतून चिकटलेली गडद लाल रेघ अंगठ्याच्या नखाने खरवडून काढावी, नाहीतर मसाल्यातही कडवट चव राहते. खवले इतके बारीक असतात की ते काढण्याची गरज नसते. हळद, मीठ, आगळ लावून रव्यात घोळवले की तो सरळ तव्यावर जातो.