मांजरा खोऱ्यासाठी रब्बी सल्ला : धरण भरले तरी उसाचा हिशोब पाण्यावर मांडा

यंदा, २०२५ च्या सप्टेंबरात मांजरा, तेरणा आणि सीनाकाठी पुराने पिके नेली, विहिरी बुजवल्या, कुठे कुठे मातीसुद्धा खरडून नेली. धनेगावचे मांजरा धरण भरून वाहिले. आता ऑक्टोबर अर्धा सरला आहे आणि केज, कळंब, लातूर, रेणापूर भागात उसाच्या बेण्याची चौकशी जोरात चालू आहे. पाणी दिसले की ऊस, हे आपल्याकडे ठरलेलेच. सोयाबीन हातचे गेलेल्या माणसाला खात्रीच्या पैशाचे पीक हवे असते, त्यात त्याचे काही चुकत नाही. पण पूर्वहंगामी लागवडीची मुदत १५ नोव्हेंबरपर्यंत आहे, तेव्हा बेणे ठरवण्याआधी एकदा हिशोब मांडायला वेळ आहे.

मांजरा धरणाची एकूण क्षमता २२४ दशलक्ष घनमीटर, त्यातला उपयुक्त साठा सुमारे १७७. त्यावर लातूर शहर, आजूबाजूची गावे, उद्योग आणि मग शेती अवलंबून. पिण्याचे पाणी आधी राखून ठेवतात, बाष्पीभवन वजा करतात आणि उरलेल्यात आपली आवर्तने, म्हणजे कालव्याला पाणी सोडण्याच्या पाळ्या, बसवतात. आज लावलेला ऊस तोडणीला येईल डिसेंबर २०२६-जानेवारी २०२७ मध्ये. त्याचा पहिला उन्हाळा या साठ्यावर निघेल, हे खरे. तोडणीनंतर त्याच खुंटांवर खोडवा ठेवला तर त्याचा उन्हाळा २०२७ चा असेल आणि तो अवलंबून असेल अजून न पडलेल्या पावसावर. आपला सगळा घोळ इथेच होतो. एका पावसाळ्याच्या पाण्यावर आपण दोन उन्हाळ्यांचे पीक उभे करतो.

या खोऱ्याने काय काय दाखवले ते आठवा. एप्रिल २०१६ मध्ये धरण कोरडे, लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. त्याच वर्षी परतीच्या पावसात धरण भरले. २०२३ ला पावसाने पुन्हा दगा दिला, २०२५ ला महापूर. पावसाचे दिवस कमी होत चाललेत आणि पडतो तेव्हा एकदम कोसळतो. अशा हवामानात सरासरी पावसावर बांधलेले गणित टिकत नाही. खोऱ्याची सरासरी बरी दिसली तरी नुकसान होते ते दोन्ही टोकांच्या वर्षांत.

आता पैशाचे पाहू. एका एकरावर १ मिलिमीटर पाणी म्हणजे सुमारे ४,०४७ लिटर. उसाला पावसाशिवाय पाटाने साधारण १,५०० मिलिमीटर तरी दिले जाते, म्हणजे एकरी ६० लाख लिटर. लातूरला पाणी आणणाऱ्या त्या ‘जलदूत’ रेल्वेची ५० वाघिणींची एक खेप साधारण २५ लाख लिटरची होती. म्हणजे अशा दोन खेपा एका एकराला पुरायच्या नाहीत. एकरी ४० टन ऊस धरा. २०२५-२६ च्या हंगामाची एफआरपी, म्हणजे कारखान्याने द्यायचा किमान दर, १०.२५ टक्के साखर उताऱ्याला टनामागे ३,५५० रुपये. तोडणी-वाहतूक कापून हातात २,७०० धरले तर एक लाख आठ हजार. हजार लिटरमागे आले १८ रुपये.

हरभऱ्याचे बघा. यंदाच्या पावसाने भारी जमिनीत ओल भरपूर आहे, त्यामुळे तुषार सिंचनाने दोन पाणी पुरतात. मिळून १२० मिलिमीटर धरले तरी एकरी पाच लाख लिटरच्या आत. आठ क्विंटल उत्पादन आणि २०२५-२६ च्या रब्बीचा ५,८७५ रुपये हमीभाव धरला तर ४७ हजार, म्हणजे हजार लिटरमागे ९० च्या पुढे. बाजारात हमीभाव मिळत नाही, हा तुमचा आक्षेप मला मान्य आहे. मग ५,००० ने विका, तरी ८० रुपये येतात. हे उत्पन्न आहे, नफा नव्हे. दोन्हीकडचा खर्च तुम्ही स्वतःच्या वहीतून वजा करा. उसाचा खर्च कमी निघणार नाही.

उलट बाजूही सांगतो. दोन-तीन एकरांचा धनी असेल, तर त्याला एकरामागे किती मिळाले हेच महत्त्वाचे. तिथे उसाचा लाख रुपयांचा आकडा हरभऱ्याला मागे टाकतो. शिवाय उसाला खात्रीचे गिऱ्हाईक आहे, राखण कमी आणि गारपिटीची भीती कमी. म्हणून ‘ऊस लावूच नका’ असे मी म्हणणार नाही. पण विहीर-बोअरच्या उन्हाळी पाण्यावर जेवढा जगेल तेवढाच लावा. मे महिन्यात तुमची विहीर किती तास चालते? २०१६, २०१९ आणि २०२४ च्या उन्हाळ्यांत किती चालली होती? त्यातला सगळ्यात वाईट आकडा घ्या आणि ऊस त्याच्यावर बसवा. कालव्याच्या किंवा बंधाऱ्याच्या भरवशावरचे क्षेत्र रब्बीला सोडा.

ठिबकबद्दल थोडे स्पष्ट बोलायला हवे. अल्पभूधारकाला अनुदान ८० टक्क्यांपर्यंत आहे, इतरांना ७५ पर्यंत. घ्याच. पण एक एकर पाटाचा ऊस ठिबकवर नेऊन वाचलेल्या पाण्यावर आणखी एक एकर ऊस लावला, तर खोऱ्यात थेंबही वाचला नाही, उलट कर्ज वाढले. वाचलेले पाणी उन्हाळ्यासाठी विहिरीत राहू द्या. बोअर उपसून कागद अंथरलेले शेततळे भरणे हाही तसलाच प्रकार. मराठवाड्याच्या उन्हात उघड्या पाण्याचा थर वर्षाकाठी दीड-दोन मीटर उडून जातो. जमिनीखाली सुरक्षित असलेले पाणी वर काढून उन्हात ठेवायचे, त्यासाठी वीजही जाळायची, हा व्यवहार मला कधी पटलेला नाही. तळे भरायचे तर पावसाळ्यातल्या वाहत्या पाण्याने.

बागायती हरभऱ्याची पेरणी १० नोव्हेंबरपर्यंत उरका. यंत्राने काढणी करायची असेल तर उंच वाढणारा फुले विक्रम वाण, नाहीतर जाकी ९२१८ किंवा आकाश. पूर साचलेल्या रानात मर रोग हमखास डोके वर काढतो, म्हणून किलो बियाण्याला ५ ग्रॅम ट्रायकोडर्मा (मर रोखणारी बुरशी) चोळा आणि मगच रायझोबियम हे जिवाणू खत लावा. पहिले पाणी फांद्या फुटताना ३०-३५ दिवसांनी, दुसरे घाटे भरताना ६०-६५ दिवसांनी. तिसरे देण्याचा मोह भारी जमिनीत टाळा, पीक उभळते, म्हणजे जादा पाण्याने बिघडते. ओल आहे पण पाण्याची सोय नाही अशा भारी रानात करडई घ्या, २०२५-२६ च्या रब्बीचा हमीभाव क्विंटलला ६,५४० रुपये आहे. काटे आवडत नाहीत म्हणून आपण करडई सोडली, पण रानडुकरे तिच्या वाटेला फारशी जात नाहीत, हा फायदा लक्षात ठेवा.

नदीकाठच्या रानाचा विचार वेगळा करा. निळी पूररेषा म्हणजे सरासरी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची रेषा; अलीकडचे पूर पाहता तिच्या आतले रान जोखमीचेच समजा. तिथे कायमची ठिबक, स्टार्टरची खोली किंवा कर्ज काढून फळबाग नको. मोटर उचलून नेता येईल अशी बसवा आणि मृग लागण्याआधी वर काढा. खरडलेल्या जमिनीत या रब्बीला खर्च ओतू नका. माती परीक्षण करा, उन्हाळ्यात तलावाचा गाळ टाका, मग पुढच्या खरिपात ताग किंवा धैंचा हिरवळीचे खत म्हणून गाडा. पुराने आणलेला चांगला गाळ ज्यांच्या रानात बसला आहे, त्यांनी त्याच ओलीवर हरभरा पेरून घ्यावा.

एकट्याने हा हिशोब अर्धाच जमतो. वरच्या गावाने उन्हाळी उसाला बंधारा उपसला, की खालच्याचा हरभराही वाळतो. नाशिक जिल्ह्यात दिंडोरी तालुक्यातल्या वाघाड धरणावर शेतकऱ्यांच्या पाणी वापर संस्था पाणी मोजून घेतात आणि वाटून घेतात, पीक ज्याचे त्याने ठरवायचे. पाण्याचा कोटा ठरला की पीक आपोआप बदलते. हिवरे बाजारला दरवर्षी पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेत मांडतात आणि त्यावर रब्बी ठरते. निदान बंधाऱ्यावरच्या मोटरवाल्यांनी एकत्र बसावे, मार्चनंतर कोणी किती तास उपसायचे ते आताच ठरवावे. एप्रिलमध्ये बसलात तर भांडणेच होतील.

१५ ऑक्टोबरच्या साठ्यावर कालवा सल्लागार समिती आवर्तने ठरवते. तुमच्या शाखा कार्यालयात नमुना नंबर ७ चा पाणी मागणी अर्ज वेळेत द्या, मागची थकबाकी असेल तर तिचा हप्ता भरून पावती घ्या. रब्बीची ई-पीक पाहणी, म्हणजे मोबाइलवरची पीक नोंद, विसरू नका; हमीभाव केंद्रावर नोंदणीला आणि पुढे नुकसानभरपाईलाही तीच नोंद लागते.